पक्का नंबर मोठेबाबांचा

अन्याय झाला तो माझ्या धाकट्या चुलत बहिणीवर. कधी झाला तेही सांगते : मागच्या वर्षी, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता. पत्रकं लिहून लिहून मला सवय लागली आहे, कोणावर आणि कधी हे पहिल्याच ओळीत ठोकून द्यायचं. नाही ठोकलं तर तिसऱ्या ओळीपर्यंत कोणीतरी म्हणतंच, "कुठं काय झालं? सगळं तर ठीक दिसून राह्यलं." तसं सगळं ठीक दिसतच होतं. तिला कोणी मारलं नाही, कुठून हाकललं नाही. एक हिरवं बटण राखाडी झालं, एवढंच.

बहीण मानोरा तालुक्यातल्या आमच्या गावी वाढली. माझे वडील नोकरीपायी वाशीमला आले म्हणून मी वाशीमची. गावात राहिले तिचे वडील, आणि या दोघांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा. बी.कॉम. झाल्यावर बहिणीनं दोन हंगाम शेतकऱ्यांच्या कंपनीत तुरीच्या चाळणीवर उभं राहून काम केलं. डोक्याला ओढणी, नाकातोंडात भुसा. एके दिवशी घरी येऊन म्हणाली, "आपली तूर अकोल्याले जाते अन् डाळ होऊन आपल्याच दुकानात परत येते. मधात कोन काय करते ते मले शिकाचं हाय." एमबीए कशाला करायचं या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मी अजून कोणाकडून ऐकलेलं नाही.

घरच्यांनी तिला एक वर्ष दिलं. तेवढ्यात अमरावतीचं कॉलेज मिळालं तर जा, नाही तर स्थळं बघायला सुरुवात. कोणी डोळे वटारून हे सांगितलं नाही. जेवताना, वरण वाढता वाढता ठरून गेलं. आमच्या घरातल्या मोठ्या गोष्टी अशाच ठरतात, वाढणारीच्या डोक्यावरून.

ती वर्षभर वाशीमला आमच्याकडे राहिली. मी सभा, मोर्चे, पत्रकं करत गावभर फिरायची आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून गणितं सोडवायची. एमबीएची प्रवेश परीक्षा देऊन आली तेव्हा म्हणाली, "ताई, बरी गेली." ती 'बरी' म्हणते तेव्हा उत्तम समजायचं.

नेमकी त्याच वर्षी परीक्षेवाल्यांनी निकाल द्यायची रीत बदलली. आधी कसं होतं? अर्ज भरतानाच कॉलेजं निवडायची. निकाल लागला की स्कोअर आपोआप त्या कॉलेजांकडे जायचा. उमेदवारानं आपला परीक्षा क्रमांक आणि जन्मतारीख टाकून निकाल बघायचा, कुठल्याही दुकानात, कोणाच्याही मोबाईलवर. नवी रीत अशी : आधी उमेदवारानं एकट्यानं स्कोअर बघायचा, तोही आधारला जोडलेल्या मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून. पटला तर 'पाठवा' दाबायचं. नाही पटला तर 'राखून ठेवा', म्हणजे तो कोणालाच दिसणार नाही. मुदत दुसऱ्या दिवशी पाचपर्यंत. आणि उमेदवारानं काहीच दाबलं नाही तर? तर त्यानं स्कोअर राखून ठेवला असं समजण्यात येईल.

ज्याचा पेपर बिघडला त्याची लाज झाकली जाते, हे मला मान्य आहे. तेवढ्यापुरता बदल चांगला आहे. पण सूचनेच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'निवडीचे स्वातंत्र्य आता तुमच्या हाती'. ते वाचून मला तेव्हाही राग आला होता, पण का आला ते नीट कळलं नव्हतं. कोणाच्या हाती? हे कोणी विचारलंच नाही.

आमच्याकडे प्रत्येक घरात एक 'पक्का नंबर' असतो. बाकीच्यांचे नंबर नुसते चालते; रिचार्ज संपला, नवी ऑफर आली, की नंबर बदलला. पक्का नंबर घरातल्या थोरल्या पुरुषाचा. तो बदलत नाही, बंद पडत नाही, आणि शाळेच्या दाखल्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळीकडे तोच लावलेला असतो. बहीण पाचवीत होती तेव्हा तिचं आधार निघालं. ऑपरेटरनं विचारलं, "नंबर?" मोठेबाबा म्हणाले, "टाक मायाच. पक्का हाय." तेव्हापासून ती पोरगी कागदावर मोठेबाबांच्या शर्टाच्या खिशात राहत होती.

अक्षय तृतीयेच्या दिवशी दुपारी निकाल लागला. पुरणाचं जेवण अर्ध्यावर सोडून आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. तिनं क्रमांक टाकला, ओटीपी सुटला, आणि तिनं गावाला फोन लावला. फोन स्पीकरवर होता. हे संभाषण मला आजही पाठ आहे, कारण मी त्या वेळी हसत होते.

"मोठेबाबा, तुमच्या मोबाईलवर आत्ता मेसेज आला असन. त्यात सहा आकडे हायत. सांगा बरं पटकन."

पलीकडून आलं, "कोन बोलून राह्यलं?"

"मी वो, मी!"

"मी म्हणजे कोन? मी तं सारेच राह्यते."

तिनं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. मोठेबाबा म्हणाले, "आवाज तं आमच्या पोरीचा बरोब्बर काढून राह्यली तू. कुठं शिकली वं?"

झालं असं होतं, की महिनाभर आधी बँकेची माणसं गावात येऊन मारुतीच्या पारावर भाषण देऊन गेली होती. ओटीपी कोणाला सांगायचा नाही. चोर आता आवाजसुद्धा चोरतात. पोटच्या लेकीचा आवाज आला तरी आकडे द्यायचे नाहीत. आणि असे मेसेज लागोपाठ यायला लागले तर फोन बंद करून टाकायचा. अख्ख्या गावात हे भाषण मन लावून ऐकणारा एकच माणूस होता, आणि तो आमचा मोठेबाबा.

"आमच्या घरची हायस ना? मंग सांग, आपल्या बांधावर कायचं झाड हाय?"

"कोन्त्या बांधावर? खालच्या का वरच्या?"

"पाय! अडकली!"

"खालच्या बांधावर बिब्याचं, वरच्यावर चिचीचं! मोठेबाबा, आकडे सांगा ना वो!"

"हे तं साऱ्या गावाले माहीत हाय."

तोवर ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवला, तेव्हा त्यांनी फोनच उचलला नाही. तिसरा मागवला, आणि पडद्यावर आलं : आपले प्रयत्न संपले, उद्या सकाळी पुन्हा प्रयत्न करा. माझं हसणं तिथं थांबलं. पुन्हा फोन लावला, तर फोन बंद. मोठेबाबांनी बँकेचा शब्द तंतोतंत पाळला होता.

तिनं आईला फोन केला. बोलून झाल्यावर म्हणाली, "मोठेबाबा आत्ताच लग्नाले निंघाले म्हणते, किन्हीराजाले. फोन बंद करून घरीच ठेवला." मला हायसं वाटलं. फोन घरी आहे ना? मग उद्या सकाळी जाऊ, चालू करू, ओटीपी घेऊ, बटण दाबू. यात काय अवघड आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या स्कूटीवरून निघालो. डिकीत मागच्या मोर्च्याची पत्रकं तशीच होती. ऊन चढलेलं, मंगरूळपीरच्या पुढं डांबर चमकायला लागलं. ती मागं बसली होती. माझ्या पाठीवर तिची बोटं ताल धरत होती.

गावी पोचलो तर मोठीआई, म्हणजे मोठेबाबांची बायको, दारातच हसत उभी. "फोन? हाय ना बाई. लोखंडी कपाटात घातला त्याहीनं. चोर फोनातून येते म्हणे."

"अन् किल्ली?"

"ते करगोट्याले."

करगोटा मोठेबाबांच्या कमरेला आणि मोठेबाबा किन्हीराजाला. मी कपाटाचं हँडल धरून ओढलं, लाथ घातली, पाटा-वरवंट्यातला वरवंटा आणून हाणला. रंग उडाला. मोठीआई शांतपणे म्हणाली, "माया लग्नातलं हाय ते. तुया लग्नापर्यंत टिकन." बहीण तोवर स्कूटीवर जाऊन बसली होती. "चाल, ताई."

पुन्हा मंगरूळपीर, मग शेलूबाजार, मग हायवे. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. मी रस्ताभर परीक्षेवाल्यांना शिव्या देत होते, बँकेला देत होते, मोठेबाबांना देत होते. ती एकदाच बोलली, "त्याहीले नको देऊ. ते तं मलेच वाचवून राह्यले व्हते."

किन्हीराजाला मांडवात पंगत बसली होती आणि मोठेबाबा डोक्याला फेटा बांधून बुंदी वाढत होते. आम्हाला बघून त्यांना केवढा आनंद! "या वं बाई! दोघी आल्या! आधी बसा, जेवा."

"मोठेबाबा, कपाटाची किल्ली द्या."

ते जवळ आले, आवाज बारीक करून म्हणाले, "काल काय झालं सांगू? तुया आवाजाची एक चोट्टी आली फोनवर. लय हुशार. बिब्याचं झाडबी माहीत तिले. पन म्या काई पत्ता लागू देला नाई."

"ते मीच होती, मोठेबाबा."

मी माणसांचे चेहरे पडताना बघितले आहेत. धरण्याला बसलं की अधिकाऱ्यांचे पडतात, पण ते पाच मिनिटांत पुन्हा वर येतात. मोठेबाबांचा चेहरा पडला तो असा, की बुंदीचं भांडं हातात आहे हेही ते विसरले. पंगतीतला एक जण ओरडला, "अहो मामा, बुंदी इकडं!" त्यांनी भांडं तिथंच खाली ठेवलं, फेटा उतरवून कोणाच्या तरी मांडीवर टाकला आणि म्हणाले, "किल्ली देऊन भागत नाई. फोनबी माया अंगठ्यानंच उघडते. चाला."

तिघं एका स्कूटीवर. मध्ये मोठेबाबा, मागं बहीण. शेलूबाजारच्या चौकात एक पोट्टा ओरडला, "बाबाजी, लग्नातून पळवून आनलं का तुमाले?" मोठेबाबा एरवी त्याला सोडते का! त्या दिवशी त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

घरी पोचून कपाट उघडलं, फोन काढला. बॅटरी मेलेली. लाईन गेलेली. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला वायर जोडून चार्जिंग लावलं. फोन जागा झाला, तर अंगठा घेईना. आयुष्यभर विळा, पऱ्हाटी आणि दोर धरलेला अंगठा, वरून बुंदीचं तूप. ते धोतराला अंगठा पुसत होते, मातीत घासत होते, पुन्हा लावत होते. "मायाच फोन, अन् मलेच वळखत नाई," असं पुटपुटत होते. शेवटी उघडला. वर कालचे तीन ओटीपी मरून पडलेले. बहिणीनं माझ्या मोबाईलवर पान उघडून नवा मागवला. तो येताच मोठेबाबा काल न सांगितलेले आकडे आता असे ओरडले, की गल्लीतली कुत्री उठली. "चार! शून्य! सात!"

पान उघडलं. एक्क्याण्णव पर्सेंटाइल. खाली 'पाठवा'चं बटण होतं, राखाडी. त्याखाली एक ओळ : आपण स्कोअर राखून ठेवण्याचा पर्याय निवडला आहे.

पाच वाजून गेले होते.

"एक्यान्नव," मोठेबाबा म्हणाले. "लय झाले. मंग, लागला ना नंबर?"

ती उठली. ट्रॅक्टरची वायर सोडली, गुंडाळली आणि शेजारी नेऊन दिली.

पुढचे दोन महिने मी काय केलं? जे मला येतं तेच. फोन केले, मेल केले, जिल्ह्याच्या ठिकाणी ज्या ज्या टेबलाला माझा हात पोचतो त्या प्रत्येकावर अर्ज आपटला. उत्तर एकच, प्रत्येक वेळी तेच वाक्य : उमेदवाराने राखून ठेवण्याचा पर्याय निवडला आहे. निवडला! स्कूटीवर दिवसभर भाजत गेलेल्या पोरीनं निवडला! मी पत्रक काढलं, मानोऱ्याच्या बसस्टँडवर वाटलं. एका गुरुजींनी चष्मा सारून ते पूर्ण वाचलं आणि म्हणाले, "ताई, पोरीनं बटन दाबलं नाई, यात परीक्षेवाल्याचा काय दोष?" मी त्यांच्याशी बस सुटेपर्यंत भांडले. मुद्दे माझे बरोबर होते. पण कुठंतरी काटा सलत होता, की मी मांडतेय ते अजून पूर्ण नाही.

ते पूर्ण केलं बहिणीनंच. पोळ्याच्या थोडं आधी तिला बघायला पाहुणे आले. वर्ष संपलं होतं ना. पोहे झाले, चहा झाला. ती पाटावर मान खाली घालून बसलेली, मी दाराला टेकून उभी. मुलाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "काय वं बाई, पसंत हाय ना?" ती काही बोलली नाही. म्हातारा खूश झाला. "पोरगी गप हाय, म्हणजे हो हाय. चाला, तोंड गोड करा."

बहिणीनं मान वर केली. आवाज अजिबात चढवला नाही. "नाई आजोबा. आता नेम बदलला. पोरगी गप राह्यली म्हणजे नाई समजाचं. वरूनच तसं ठरून आलं हाय."

म्हाताऱ्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "वरून म्हणजे? कोन ठरवलं?"

तिच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, आता स्फोट होणार. तेवढ्यात कोपऱ्यातून मोठेबाबांचा आवाज आला, खर्जातला. "खरं हाय पाहुणे. असा नेम निंघाला हाय. आमाले त्याचा लय फटका बसला. तुमी पोहे घ्या."

पाहुणे गेल्यावर घरात बोलाचाली झाली, नाही झाली असं नाही. तिची आई दोन दिवस जेवली नाही. पण मला माझ्या पत्रकात काय राहून गेलं होतं ते त्या पाटावर सापडलं. आमच्या ओसरीवर पोरगी गप राहिली की 'हो' लिहिलं जातं. परीक्षेवाल्यांच्या यंत्रात पोरगी गप राहिली की 'नाही' लिहिलं जातं. दोघंही वर म्हणतात, तिनंच निवडलं. दोन्हीकडे तिला विचारलेलं नसतं. विचारलेलं असतं ते पक्क्या नंबराला.

परीक्षेवाल्यांशी माझं भांडण संपलेलं नाही. गप्पपणाला उत्तर समजायचं त्यांनी बंद करावं, जुन्यासारखं स्कोअर आपोआप जाऊ द्यावा आणि ज्याला लपवायचा आहे त्यानं बटण दाबावं, ही मागणी मी सोडणार नाही. पण ते बदलतील तेव्हा बदलतील. तिनं यंदा पुन्हा अर्ज भरला, पुन्हा परीक्षा दिली. घरच्यांनी हे वर्ष कसं दिलं? दिलं नाही. तिनं घेतलं.

अर्ज भरण्याआधी आधारवरचा नंबर बदलायला मोठेबाबा स्वतः तिला मानोऱ्याला घेऊन गेले. ऑपरेटरनं सवयीनं त्यांच्याकडे बघून विचारलं, "नंबर?" तर हे म्हणाले, "मले काय इचारतं? ते समोर बसली हाय, तिले इचार." नंतर एकदा मला म्हणाले, "आता माया फोनवर काईच येत नाई वं. पहिले तिच्या कालेजचे, बँकेचे, कायकाय मेसेज येत. समजत नव्हतं काई, पन येत."  मी बाहेर जाऊन स्कूटीची डिकी उगाचच आवरली.

यंदाचा निकाल अजून लागायचा आहे. कोणत्याही दिवशी लागेल. ती चाळणीवर परत उभी राहते, कमरेला ओढणीत तिचा मोबाईल बांधलेला असतो, आणि मेसेजचा आवाज झाला की तूर तशीच सोडून ती बघते. बहुतेक वेळा रिचार्जची जाहिरात असते. मला झोप लागत नाही, आणि लागावी असं वाटतही नाही.

आता तुम्ही. हो, तुम्हीच, हे वाचून मान डोलवणारे. तुमच्या घरातल्या मुलीच्या, सुनेच्या, बहिणीच्या आधारवर कोणाचा नंबर आहे? माहीत नसेल तर उठा आणि बघा. तुमचा असेल तर या आठवड्यात तिला केंद्रावर घेऊन जा आणि ऑपरेटरनं तुमच्याकडे बघितलं तर तिच्याकडे बोट करा. नंबर तिचा टाका, फोन तिच्या हातात द्या. आणि तिला विचारलंत आणि ती गप राहिली, तर तिच्या जागी उत्तर देऊ नका. पुन्हा विचारा.